एकोणशंभर

"अहो, याचा नऊ चालत नाही. बघता का जरा?" असं म्हणून बायकोनं तो कॅल्क्युलेटर दुकानाच्या काउंटरवर ठेवला, आणि दुरुस्तीवाल्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

याचा नऊ चालत नाही, हे ती त्याला सांगत होती! त्याचा नऊ चालत नाही हे तो बावीस वर्षं ऐकत आला होता. एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख विसरला असता, पण हे विसरला नसता. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारला.

"कुठून आला हा?"

"त्यांच्या बहिणीनं आणून दिला. सामान आवरत होती त्यांचं. पाकिटावर माझं नाव लिहून ठेवलं होतं म्हणे." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "घाई नाही काही." आणि दुकानामागच्या दारानं घरात निघून गेली.

घाई नाही म्हणे. माणूस जाऊन महिना झाला, आता कसली घाई असणार?

तो माणूस म्हणजे एकोण. खरं नाव वेगळं होतं, पण नकाशा कचेरीत सगळे त्याला एकोणच म्हणायचे. दुरुस्तीवाल्याची बायको त्या कचेरीत नोकरीला होती. मोजणी करणारे लोक जमिनी मोजून कोन आणि लांब्या वहीत लिहून आणायचे. नकाशा काढण्याआधी ते आकडे तपासावे लागत. चौकोनी जमीन असेल तर चारही कोनांची बेरीज तीनशे साठ भरली पाहिजे. भरली तर आकृती 'बंद झाली' म्हणायचं, नाहीतर मोजणीवाल्यानं परत उन्हात जायचं. हे तपासायला दोन माणसं लागत, एक वाचणारं आणि एक बटणं दाबणारं. बायको वाचायची, एकोण दाबायचा. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये एक टेबल, दहा ते पाच.

त्यांना मिळालेल्या कॅल्क्युलेटरचा नऊ पहिल्याच वर्षी बंद पडला. साहेबांनी वर लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं की बाकीची सर्व बटणं चालू असल्याने यंत्र निकामी धरता येत नाही. झालं. मग नऊशिवाय काम सुरू झालं, आणि भानगड अशी की ते छान जमलं. आपल्या भाषेची गंमतच आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ. नऊ आला की आपण नऊ म्हणतच नाही, पुढच्या दहातला एक काढून घेतो. बायको "एकोणसाठ" म्हणाली की एकोणनं साठ दाबून त्यातून एक वजा करायचा. दुरुस्ती जणू शब्दातच करून ठेवलेली. नव्वदीजवळ आलं की मात्र भाषा हात वर करते. ब्याण्णव आले तर शंभरातून आठ काढायचे हे आपलं आपण ध्यानात ठेवायचं. आणि नव्याण्णव आले की काय करायचं? तर या दोघांनी त्यासाठी स्वतःचा शब्द पाडला. एकोणशंभर.

हे काम त्या दोघांशिवाय कुणाला जमेना. साहेबांनी लेखी हुकूमच काढला की सदर यंत्र सदर जोडीनेच वापरावे. सदर जोडी! नवीन कॅल्क्युलेटर आले, बाकीच्या टेबलांवरच्या जोड्या बदलल्या, माणसं इकडची तिकडे झाली. ही जोडी बावीस वर्षं हलली नाही. एकोण निवृत्त झाला तेव्हा कचेरीनं तो जुना डबा त्यालाच देऊन टाकला.

दुरुस्तीवाल्याला सगळं सहन झालं असतं, तो शब्द सोडून. एकदा त्याला ताप आला होता. बायकोनं काखेतला थर्मामीटर काढून उजेडात धरला आणि सहज म्हणाली, "एकोणशंभर आहे." म्हणाली आणि स्वतःशीच हसली. तो अंथरुणात पडल्या पडल्या असा पेटला की त्याच क्षणी पुन्हा मोजला असता तर पारा फुटला असता. आपल्या काखेतल्या तापाला त्या माणसाच्या शब्दात मोजलं हिनं! पण बोलणार काय? बायको आकडा चुकीचा म्हणते, अशी तक्रार कुणाकडे करतात का?

संध्याकाळी तो तिला आणायला सायकलनं जायचा. कचेरीच्या मागच्या खिडकीखाली सायकल लावून उभा राहायचा. आतून तिचा आवाज यायचा, एकसुरी, भराभर आकडे वाचणारा. मध्येच "एकोणशंभर" यायचं, आणि पाठोपाठ दोघांचं हसू. घरी ती हसायची नाही असं मुळीच नाही. पण ते हसू वेगळं होतं, निदान त्याला तसं वाटायचं, आणि मत्सराला तेवढं पुरतं.

बरं, माणूस वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं. एकोण दोनदा घरी जेवायला आला. सडपातळ, एकटा, हळू बोलणारा. जेवून स्वतःचं ताट उचललं. दुकान बघून म्हणाला, "तुमच्या हातात जादू आहे. मला तर फ्यूजसुद्धा बदलता येत नाही." दुरुस्तीवाला त्या दिवशी रात्रभर त्या वाक्यात खोट शोधत होता. सापडली नाही, त्यामुळे आणखीच चिडला.

एकदा त्यानं सरळ सांगितलंही होतं, "घरी आण तो डबा. पाच मिनिटांचं काम आहे."

"कचेरीची वस्तू आहे, बाहेर नेता येत नाही."

"मग मी तिथं येतो."

"तुम्ही कशाला? बरं दिसतं का ते?"

बरं न दिसण्यासारखं त्यात काय होतं ते त्याला कळलं नाही. विषय मिटला. डोक्यातून मात्र गेला नाही.

आणि आता तोच डबा त्याच्यासमोर पडला होता. काळा, जाडजूड, खिशात मावतो म्हणायचं पण खिसा शिंप्याकडून मुद्दाम शिवून घ्यावा लागला असता. त्यानं बटण सरकवलं. तांबडं शून्य उमटलं. बॅटरीसुद्धा नवी घालून ठेवली होती मेल्यानं. एक ते आठ आकडे झिजून निम्मेअर्धे पुसले गेले होते. नऊ तेवढा नवाकोरा, काल छापल्यासारखा.

सवयीनं त्याचा हात पिवळ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक पिवळी चिठ्ठी बांधायची आणि तीवर गिऱ्हाइकाची तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची, असा त्याचा शिरस्ता होता. त्याचं अक्षर मुंगीएवढं. त्यानं लिहिलं, 'नऊ चालत नाही.' गिऱ्हाइकाच्या नावाची जागा त्यानं तशीच कोरी ठेवली.

बायकोनं या दुकानात आणलेली ही दुसरी वस्तू. पहिली म्हणजे लग्नाआधीचा तिचा रेडिओ. तो तिनं तीनदा आणला होता. त्यावरून नातेवाईक अजून टोमणे मारतात, की सगळ्या गावाचे रेडिओ एका दमात बोलते करणारा हा माणूस होणाऱ्या बायकोच्या रेडिओपुढे तीनदा आपटला. खरी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितलेली नव्हती. पहिल्या खेपेला त्यानं रेडिओ नीट केला आणि मग एका तारेचा डाग, म्हणजे शिशाचा सांधा, मुद्दाम कच्चा ठेवला, ती पुन्हा यावी म्हणून. आठवड्यानं ती आली. तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. दुसऱ्या खेपेला त्यानं ती तार अशी पक्की डागली की घोड्यानं ओढली असती तरी निघाली नसती. तरी दहा दिवसांत रेडिओ परत, तीच तार सुटलेली! त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, 'पुन्हा तीच तक्रार', आणि त्याच दिवशी धीर करून तिला लग्नाचं विचारलं. लग्न झालं, पण ती तार त्याला आजवर खुपत होती. एवढा पक्का डाग सुटलाच कसा? शेवटी त्यानं शिशाला दोष देऊन प्रश्न मिटवला होता.

त्यानं कॅल्क्युलेटरचे दोन स्क्रू काढले, नखानं कड उचकली आणि पाठ अलगद वेगळी केली. आतली सर्किटची पट्टी समोर आली. शेजारी डाग देण्याची इस्त्री तापत होती. तिचं टोक पट्टीवरच्या काळ्या चौकोनी चिपवर क्षणभर टेकवलं की काम तमाम. 'फार जुना होता, गेला,' एवढं म्हणायचं. कुणालाही खरं वाटलं असतं. त्यानं इस्त्री उचललीसुद्धा. पण मग डोक्यात आलं, की ती त्या माणसाला रडली नाही, ती या डब्याला रडेल. आपल्या दुकानात बसून ती त्या माणसासाठी रडणार आणि कारण आपण असणार. त्यानं इस्त्री जागेवर ठेवली. हे पुण्य म्हणून केलं असं कुणी समजू नये. त्याला ते रडणं बघवलं नसतं, एवढंच.

बटणांची रचना साधी होती. प्रत्येक बटणाखाली पितळेची पातळ फुगीर टिकली, तिच्याखाली पट्टीवर एक ठिपका. बटण दाबलं की टिकली ठिपक्याला टेकते आणि आकडा उमटतो. असल्या दुखण्यात बहुधा ठिपक्यावर काट चढलेली असते. त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, चिमट्यानं नऊची टिकली उचलली आणि थांबला.

काट नव्हती. टिकली आणि ठिपका यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी होती. बारीक कात्रीनं सरळ कापून व्यवस्थित सरकवून दिलेली. बटण मेलेलं नव्हतंच. कुणीतरी त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

दुरुस्तीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ राग. लबाड! फ्यूज बदलता येत नाही म्हणे! नऊ मुद्दाम बंद केला, म्हणजे त्याच्यावाचून हिचं अडावं, हिच्यावाचून त्याचं अडावं, आणि सदर जोडी सदर टेबलावर बावीस वर्षं बसावी. त्याला एक प्रकारचा आनंदच झाला. चला, माणूस वाईट निघाला! आता बायकोसमोर ही पट्टी नाचवायची. बघ तुझा एकोण.

त्यानं चिमट्यानं पट्टी ओढून दिव्याखाली धरली. कागद पिवळा होता. त्यावर हिरव्या शाईची अक्षरं होती, मुंगीएवढी.

'पुन्हा ती', एवढं लिहिलं होतं. पुढचं कात्रीनं कापलं गेलं होतं.

हिरवी शाई त्यानं लग्नानंतर सोडली. अक्षर त्याचं स्वतःचं होतं. रेडिओला बांधलेली ती तिसरी चिठ्ठी एकोणच्या हातात जाण्याचं काही कारणच नव्हतं. ती एकाच माणसाकडे होती, आणि ते माणूस आता भिंतीपलीकडे चहाचं आधण ठेवत होतं.

तो खुर्चीत मागे टेकला. कागद त्याच्या बोटात होता आणि एकेक गोष्ट आपसूक जागेवर बसत होती. कचेरीची वस्तू बाहेर नेता येत नाही. तुम्ही कशाला, बरं दिसतं का. आणि ती तार. पक्की डागलेली, घोड्यालाही न निघणारी तार. ती सुटली नव्हती. ती उपटली होती.

म्हणजे त्याची पहिली लबाडी तिनं ओळखली होती. ओळखली, शिकली आणि त्याच्यावरच उलटवली. हे कळलं तेव्हा त्याला हसू फुटणार होतं, इतक्यात मनातल्या हिशेबनिसानं तोंड घातलंच. त्याच्यासाठी एकदा. एकोणसाठी बावीस वर्षं. आणि तेही त्याच्याच चिठ्ठीचा तुकडा वापरून. घरात दुसरा कागद नव्हता?

त्यानं पट्टी शर्टाच्या खिशात टाकली. ठिपका पुसला, टिकली बसवली, स्क्रू आवळले. नऊ दाबला. लगेच उमटला, तांबडाभडक. इतकी वर्षं गप्प बसवलेला.

बायको चहाचे दोन कप घेऊन आली. एक त्याच्यासमोर ठेवला, दुसरा हातातच धरून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"झाला?"

"झाला."

"आत काही सापडलं?"

तिनं हे त्याच्याकडे बघून विचारलं, आणि त्याला कळलं की डबा दुरुस्तीसाठी आलाच नव्हता. आत काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते जिथं सापडणारच अशा एकाच टेबलावर तिनं तो आणून ठेवला होता.

"धूळ," तो म्हणाला.

"एवढीच?"

"एवढीच."

ती चहा प्यायली नाही. "रेडिओतसुद्धा धूळच होती ना? तिन्ही वेळा?"

दुरुस्तीवाल्यानं खिशातून पट्टी काढून काउंटरवर ठेवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "त्याला माहीत होतं?"

"नाही. त्यांना कुठलं कळतंय त्यातलं." ती पट्टीकडे बघत होती. "साहेब जोड्या बदलणार होते. मला दुसऱ्या टेबलावर टाकणार होते. मला त्यांच्याबरोबर बसायला आवडायचं. त्याच्यापुढे काही नव्हतं, पण आवडायचं. हे तुम्हाला कधीतरी सांगायचं होतं. ते असताना जमलं नाही."

"बावीस वर्षं," तो म्हणाला. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढला. "माझ्यासाठी एक तार, एकदा. आणि त्याच्यासाठी बावीस वर्षं!"

"तुमच्यासाठी एकदाच करावं लागलं," ती म्हणाली. "नंतर तुम्ही घरीच होतात की."

त्यानं चहाचा घोट घेतला, जीभ भाजली. तिनं कॅल्क्युलेटर ओढून घेतला. तो आला होता त्या पाकिटात मोजणीच्या वहीतलं एक घडी घातलेलं पान होतं, ते तिनं त्याच्यापुढे सरकवलं. "वाचा बघू. नीट झालाय का बघते."

म्हणजे आता त्यानं वाचायचं आणि तिनं दाबायचं. त्यानं पान उलगडलं. चार कोन होते. पहिलाच आकडा बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. तो त्यानं सरळ गाळला.

"चौऱ्याहत्तर," त्यानं वाचलं. तिनं दाबलं. "एकशे एकवीस. सहासष्ट."

"आणि?"

"झालं."

"दोनशे एकसष्ट," ती म्हणाली. "आकृती बंद होत नाही. एक कोन गाळलात तुम्ही."

"नसेल दिसला."

"आता बघा म्हणजे दिसेल."

किती राहिले ते तिला ठाऊक होतं. अशा बेरजा तिनं जन्मभर केल्या होत्या. तरी ती बोट अधांतरी धरून थांबली होती. तो आकडा त्याच्याच तोंडून यायला हवा होता, असं दिसत होतं. दुरुस्तीवाल्यानं घसा साफ केला आणि एकेक अक्षर सुटं करून, शाळेत म्हणायचे तसं म्हटलं, "न-व्या-ण्ण-व."

नऊ तिच्या बोटाखाली होता. नवाकोरा, चालता, त्यानं स्वतःच्या हातानं मोकळा केलेला. तिचं बोट त्याच्यावरून पुढे गेलं. एक. शून्य, शून्य. वजा. एक. तिनं ते बघूनही केलं नव्हतं, बोटांनी आपलं आपण केलं. पडद्यावर तीनशे साठ उमटले.

मग तिच्या लक्षात आलं. तिनं वर बघितलं. "सवय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दुरुस्तीवाल्याला ते बघवणार नव्हतं, हे तो आधीपासून जाणून होता. पोटात जी आग होती ती काही विझली नव्हती. पण ती रडत होती, आणि तिच्या समोरच्या खुर्चीत आज तो होता.

"आण इकडे," तो म्हणाला. त्यानं कॅल्क्युलेटर तिच्या हातातून काढून घेतला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुन्हा पाठ उघडली.

"आता काय करताय?"

"नऊ बंद करतोय. तुला तो लागत नाही." त्यानं चिमट्यात ती पिवळी पट्टी धरली आणि अक्षरं वर येतील अशी टिकलीखाली सरकवली. "माझं अक्षर आहे हे. बावीस वर्षं तुम्हा दोघांच्या मध्ये बसलं होतं. तिथंच राहू दे."